आमची वाटचाल : आधी दार, मग स्पीकर

परभणीत वसमत रस्त्याला आमचं गाड्यांच्या साउंड सिस्टिमचं दुकान आहे. काम सुरू झालं ते कॅसेट डेकच्या जमान्यात. तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे काळी-पिवळीवाले, जीपवाले, सुमोवाले आणि अधूनमधून एखादी मारुती ८००. डेक एकाच मापाचा, १८० बाय ५० मिलिमीटर. मागे लाकडी पेटीत ६ बाय ९ इंची दोन ओव्हल स्पीकर. जोडणी सगळी टेपची. वायरी सोलायच्या, पिळायच्या आणि वर काळी टेप गुंडाळायची. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून बघा. त्या उष्णतेत टेपचा गोंद पाघळतो, टेप सुटते, उघडी वायर बॉडीला टेकते आणि फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी कुणी तार गुंडाळलेली असली तर वायरिंगच जळतं. आमच्या कामातला पहिला मोठा बदल इथेच झाला. आधी सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवायला लागलो. पुढे तयार कपलर (गाडीच्या मूळ सॉकेटात बसणारे जोड) मिळायला लागले तसं गाडीची मूळ वायर कापणंच बंद केलं. कपलर मिळाला नाही तर तो येईपर्यंत गाडी थांबते, पण वायर कापली जात नाही.

बाजारातल्या डेकच्या वायरींचे रंग जवळपास ठरलेले असतात. पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल चावीवर येणारी, काळी अर्थिंगची, निळी-पांढरी अ‍ॅम्प चालू करणारी (अ‍ॅम्प म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारी पेटी). स्पीकरच्या चार जोड्या असतात. पांढरी पुढच्या डाव्याची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. काळी रेघ असलेली वायर मायनस. गाडीच्या कंपनीने टाकलेल्या वायरींना हे रंग लागू नसतात, तिथे मीटर लावूनच ठरवायचं. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली की चावी काढताच सगळं सेटिंग पुसलं जातं. दोन्ही कायमच्या पुरवठ्यावर जोडल्या तर काही दिवस उभी राहिलेली गाडी सेल घेत नाही.

सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, ब्लूटूथ आलं, १८० बाय १०० च्या डबल डिन डेकमध्ये स्क्रीन आली. बाहेरून दिसणारा बदल तेवढाच.  गिऱ्हाईक मात्र विचारायचं, "किती वॅटचा आहे?" खोक्यावर ३०० वॅट छापलेलं असतं तो क्षणभराचा आकडा, सतत झेपणारा आकडा आरएमएसचा असतो. डेकवर ५० वॅट गुणिले ४ असं लिहिलेलं असलं तरी गाडीच्या १४ व्होल्टवर, आतल्या साध्या अ‍ॅम्प आयसीमधून, ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात १८ ते २० वॅटच पोचतात. म्हणून अ‍ॅम्प लावायचा नसेल तर वॅट बघण्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो ते) बघावी. ८९ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला २० वॅट लागतात, तेवढाच आवाज ९२ डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. हे आम्ही काउंटरवर प्रत्येकाला सांगतो, मग भले महागडा जोड विकला न जावो.

आता मुख्य गोष्ट, दार. आमच्या दुकानाची ओळख कशाने झाली असेल तर दाराच्या कामाने. स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा भाग) जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात आणि त्यांवर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. मागची हवा त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या हवेला मारते आणि बेस तिथेच संपतो. बाहेरचा पातळ पत्रा वेगळा थरथरतो. अशा दारात महाग स्पीकर टाकून पैसे वाया जातात. साधा ६.५ इंची स्पीकर बंदोबस्त केलेल्या दारात त्याच्यापेक्षा भरीव वाजतो.

काम असं चालतं. ट्रिम (दाराचं आतलं आवरण) काढताना आधी हँडलमागचे आणि कोपऱ्यातले स्क्रू शोधायचे, मग प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप उचलायची. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला की क्लिप तुटते आणि ट्रिम पुढे कायम करकरते. प्लास्टिक काढून काळा चिकट गोंद पूर्ण साफ करायचा. इकडच्या गाड्यांच्या दारात काळ्या मातीचा थर असतोच. तो ओल्या कपड्याने, मग कोरड्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. मग पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट लावायची, धुळीवर चिकटवलेली शीट धुळीसकट सुटते. शीट ब्युटाइल रबराची, २ मिलिमीटर, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल. स्वस्तातली डांबरी शीट आम्ही ठेवतच नाही. उन्हाळ्यात ती मऊ पडते, खाली घसरते, वास सोडते आणि काचेच्या रनरमध्ये अडकते. बाहेरच्या पत्र्यावर सगळीकडे चिकटवायची गरज नाही, मधला मोकळा भाग जास्त थरथरतो, तिथे एक तृतीयांश जागा झाकली तरी पुरते. आतल्या पत्र्याची भोकं मात्र सगळी बंद व्हायला हवीत. रोलर इतका दाबून फिरवायचा की फॉइलवरची नक्षी सपाट झाली पाहिजे, हवेचा फुगा राहिला तर तिथून शीट सुटते. पुढच्या दोन दारांना मिळून साधारण दीड चौरस मीटर माल लागतो, त्याचं वजन ५ किलोच्या आसपास भरतं. एक गोष्ट कधीच करायची नाही. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं झाकायची नाहीत. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते साचलं की दार आतून गंजतं.

स्पीकर ज्यावर बसतो त्या रिंगसाठी एमडीएफ (लाकडी भुशाचा दाबलेला बोर्ड) वापरू नये. पावसाळ्यात ओल धरून फुगते आणि स्क्रू सुटतात. आम्ही एचडीपीई किंवा एबीएस प्लास्टिकची रिंग बसवतो, पत्रा आणि रिंगमध्ये फोमची पट्टी, आणि रिंगच्या पुढे ट्रिमला टेकणारी दुसरी पट्टी, म्हणजे आवाज ट्रिमच्या मागे शिरत नाही. स्पीकरची खोली मोजताना काच पूर्ण खाली करूनच मोजायची. स्पीकरच्या वर पाणी ओघळू नये म्हणून मागच्या बाजूला वरून छोटी फोमची झडप. कोन पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडा रबराची घ्यावी, फोमची कडा आपल्या उन्हात काही वर्षांत भुगा होते.

प्लस-मायनस तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्पीकर डेकपासून सोडवून सेल प्लसला प्लस असा क्षणभर टेकवला की कोन बाहेर यायला हवा. ट्विटरवर (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरवर) ही चाचणी करू नये. एका बाजूचं उलटं जोडलं गेलं तर बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. ट्विटर पुढच्या खांबात बसवताना पडदा एअरबॅग (धडकेत खिडकीवर उघडणारी) आहे का ते आधी पाहायचं. पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या नळीतल्या वायरीला हात लावायचा नाही, आणि डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटं थांबायचं.

अ‍ॅम्पच्या वायरचा हिशोब सोपा आहे. ६० वॅटचे चार चॅनल, एबी क्लास, म्हणजे २४० वॅट. अशा अ‍ॅम्पची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ४०० वॅट ओढले जातात, १३.८ व्होल्टने भागले की २९ अँपिअर. त्याला शुद्ध तांब्याची ८ गेज वायर आणि ४० चा फ्यूज. ३०० वॅटच्या डी क्लास अ‍ॅम्पवर सब (फक्त बेसचा मोठा स्पीकर) वाढवला की आणखी २७ अँपिअर, तिथे ४ गेज आणि ६० चा फ्यूज. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर सर्रास तांब्याची म्हणून खपवली जाते. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर समजा. अशी वायर घ्यावीच लागली तर एक माप जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो अ‍ॅम्पजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्या धोक्यात राहते. इंजिनकडून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच (भोकात बसवलेल्या रबरी कडीतूनच) यायला हवी. अर्थिंगला रंग खरवडून चकचकीत पत्रा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), बोल्ट, आणि घट्ट केल्यावर वरून रंगाचा हात. आरसीए (डेकचा आवाज अ‍ॅम्पकडे नेणारी वायर) एका बाजूने आणि पॉवर वायर दुसऱ्या बाजूने न्यावी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थिंग तपासा, फिल्टर विकत घेण्याची घाई करू नका.

गेन (अ‍ॅम्पने आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) कानाने लावू नये. बेस बूस्ट शून्य, स्पीकर सोडलेले, इंजिन चालू, डेकचा आवाज तीन चतुर्थांश. दाराच्या चॅनलला १ किलोहर्ट्झचा सूर, सबला ५० हर्ट्झचा, आणि मल्टिमीटर एसीवर. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे हवे तेवढे व्होल्ट, मीटरवर तेवढे दिसेपर्यंत गेन वाढवायचा. ६० वॅट, ४ ओहमला १५.५. ३०० वॅट, २ ओहमला २४.५. मग दारांना ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे सूर अडवणारा), सबला ८० चा लो पास (त्यावरचे अडवणारा). ट्विटर जळतात ते बहुतेक वेळा फाटका आवाज तसाच वाजवत राहिल्याने.

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रकची कामं वाढतात. ट्रकच्या २४ व्होल्टवर १२ चा डेक चालवायला कन्व्हर्टरच हवा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढली तर ती कमी चार्ज होते, दुसरी जास्त, आणि दोन्ही लवकर जातात. ट्रॅक्टरवर बाहेर तोंड केलेले भोंगे आम्ही बसवत नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, आणि दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याला मागचा हॉर्न ऐकू यायलाच हवा.

नव्या गाड्यांत स्क्रीनलाच कॅमेरा आणि स्टिअरिंगची बटणं जोडलेली असतात. ती स्क्रीन तशीच ठेवून हाय लेव्हल इनपुटचा (स्पीकरच्याच वायरीतून आवाज घेणारा) अ‍ॅम्प कपलरवर जोडणं आम्हाला बरं वाटतं. गाडी विकताना सगळं काढून मूळ स्पीकर परत बसवता येतात. म्हणून निघालेले स्पीकर आणि स्क्रू आम्ही पिशवीत घालून देतो, ते टाकू नका.

दोन दारं आणि अ‍ॅम्प यांना पूर्ण दिवस लागतो. उन्हाळ्यात गाडी सकाळी लवकर आणा, तापलेल्या पत्र्यावर शीट एकदा टेकली की सरकवून नीट करता येत नाही. काही कंपनीचे डेक बॅटरी काढल्यावर कोड मागतात, तेव्हा कोडचं कार्ड सोबत ठेवा. काम झाल्यावर महिन्याभराने एकदा फेरी मारा, अर्थिंगचा बोल्ट आणि फ्यूजचा खोका गरम होतोय का ते बघून देतो. त्याचे पैसे घेत नाही.