जाहिरातीत तीन पंच्याण्णव, टेबलावर चार अठ्ठावीस

नव्या गाडीच्या बाबतीत आपण सरावलेले असतो. एक्स-शोरूम किंमत वेगळी, ऑन-रोड वेगळी. मधला फरक रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचा, आणि तो कोटेशनवर ओळीने लिहिलेला असतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे फरकही काही थोडाथोडका नसतो. पण जुन्या गाडीवर हा कर पहिल्या मालकाने केव्हाच भरलेला असतो. एमएच पासिंगची गाडी महाराष्ट्रातच विकली गेली तर तो पुन्हा भरायचा नसतो. मग जाहिरातीतल्या किमतीवर चढतं तरी काय, हे मला दसऱ्याच्या आधी गाडी शोधताना कळत गेलं.

बजेट चार लाखांचं. अट एकच, कोल्हापूरचं म्हणजे एमएच नऊ पासिंग. पसंतीला उतरली ती २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, साधारण बाराशे सीसीची. हायवेकडेच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे उभी होती. जाहिरातीत लिहिलं होतं: फर्स्ट ओनर, पेपर क्लिअर, ३,९५,०००. उद्यमनगरातला आमचा नेहमीचा मेकॅनिक सोबत नेला. त्याने बॉनेट उघडलं, खाली वाकून चेसिस बघितली, एक चक्कर मारली आणि म्हणाला, "इंजिन झकास हाय. क्लच वर्षभरात मागंल. बाकी घ्या बिनधास्त." गाडीचा विषय तिथे संपला. पुढचं सगळं कागदांचं.

डीलरच्या टेबलावर बसल्यावर त्याने कॅल्क्युलेटर ओढला. ट्रान्सफर आणि फाईल चार्ज १२,५००. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचे ४,०००. नंबरप्लेट २,०००. नवा इन्शुरन्स १४,५००. एकूण ४,२८,०००. वर म्हणाला, "साहेब, जीएसटी तुमच्यासाठी सोडलाय, न्हाईतर अठरा टक्के लागतोय."

मी चहा घेतला आणि उद्या येतो म्हणून उठलो. रागावण्यात अर्थ नव्हता, कारण फोनवरून चौकशी केली तेव्हा बहुतेकांची तीच तऱ्हा दिसली होती. एकाने ट्रान्सफर धरून किंमत सांगितली, एकाने आरटीओचं तुम्ही बघा म्हणून सांगितलं, एकाने "बसून बोलू" एवढ्यावर फोन ठेवला. त्यामुळे तीन पंच्याण्णवची गाडी चार दहावाल्या गाडीपेक्षा स्वस्त आहे की महाग, हे जाहिरात वाचून ठरवताच येत नव्हतं. माझी तक्रार एवढीच आहे. वर काही पैसे लागतात याबद्दल नाही, ते लागणारच. पण दोन गाड्यांची तुलना घरबसल्या करता येऊ नये अशा बेताने जाहिरात लिहिली जाते, याबद्दल आहे.

रात्री बसून एकेक आकडा सोलला.

केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या दरपत्रकात हलक्या खासगी गाडीच्या हस्तांतरणाची फी ३०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे २००. पोस्टाचे थोडे. म्हणजे साडेबारा हजारांतले सरकारजमा पाचशे-सहाशे. बाकी एजंट, धावपळ आणि डीलरचा दुकानखर्च. ते फुकट असावं असं मी म्हणत नाही, पण तो गाडी विकण्याच्या धंद्याचा खर्च आहे आणि त्याची जागा किमतीत आहे.

बोजाचं तर मला आजही हसू येतं. पहिल्या मालकाने बँकेचं कर्ज फेडलेलं, पण आरसीवरून बँकेचं नाव काढलेलं नव्हतं. त्याला लागतं बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. कर्ज त्याचं, बोजा त्याचा आणि उतरवायचा खर्च माझ्या नावावर! आणि जाहिरातीत 'पेपर क्लिअर'. मी कर्ज काढून गाडी घेतली असती तर नवा बोजा चढवायचे दीड हजार वाढले असते, ते मात्र माझेच होते.

नंबरप्लेट म्हणजे एचएसआरपी, ती हाय सिक्युरिटीवाली प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला महाराष्ट्रात ती सक्तीची केलीय, आणि ती नसेल तर आरटीओतली नावबदलासारखी कामं अडतात. चारचाकीचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९. टेबलावर त्याचे दोन हजार झाले होते.

जीएसटी 'सोडला' हे ऐकायला गोड. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के दर झाला हे खरं, पण नोंदणीकृत डीलरला तो स्वतःच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर भरायचा असतो. पूर्ण चार लाखांवर नाही. जे माझ्याकडून घ्यायचंच नव्हतं ते माझ्यासाठी सोडलं म्हणून उपकार.

राहिला इन्शुरन्स. इथे मी थोडा डीलरच्या बाजूचा आहे. फुल घ्यायचा की थर्ड पार्टी, कुठल्या कंपनीचा, किती किमतीवर, हे घेणाऱ्याने ठरवायचं असतं, त्यामुळे तो जाहिरातीतल्या किमतीत कोंबायला नको. पण जुनी पॉलिसी कुठल्या तारखेपर्यंत आहे एवढं तरी लिहावं की नाही? या गाडीची पॉलिसी चांगली पाच महिने शिल्लक होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे ती गाडीबरोबर घेणाऱ्याकडे येते, फक्त चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो पहिल्या मालकाकडेच राहतो आणि उरलेल्या मुदतीचा फरक आपण भरायचा. तो भरूनही साडेचौदा हजारांच्या जवळपाससुद्धा गेलो नाही.

याच सुमारास निपाणीच्या मेहुण्याचा फोन. "दाजी, हिकडची केए तेवीस घ्या की, तीच गाडी पन्नास हजारांनी कमी हाय." सीमेवरच्या आम्हा लोकांना हा मोह नेहमीचा. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथलं पासिंग करावं लागतं. तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे हिशेब करून भरायचा, मग नवा नंबर. कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा तिकडेच मागत बसायचं. पन्नास हजारांतला बराचसा फरक तिथे जिरतो. परराज्यातल्या गाडीची जाहिरात कोल्हापुरात करणाऱ्याने निदान 'इथला कर वेगळा' एवढे तीन शब्द लिहायलाच हवेत. आकडा त्यालाही नेमका सांगता येणार नाही, हे मान्य.

दुसऱ्या दिवशी डीलरकडे गेलो तो एकच प्रश्न घेऊन: "गाडी माझ्या नावावर, नंबरप्लेटसकट, बोजा उतरवून, चलनं भरून. एकच आकडा सांगा." चलनं मी आदल्या रात्री बघून ठेवली होती, काही ई-चलनं थकलेली होती. तो म्हणाला, लोकअदालतीत निम्म्यात मिटतील. मिटतील तेव्हा मिटतील, आज ती कुणाच्या खिशातून, एवढं लिहा म्हटलं.

केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या विक्रीचे तेरा प्रकार बंद केलेत, त्यात सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवत नेण्याचाही प्रकार आहे, हेही मी त्याला सांगून बघितलं. त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. "साहेब, आम्ही खरी किंमत टाकली तर फोनच येत न्हाई. शेजारचा तीन नव्वद टाकतोय." हे त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. एकट्याने सगळं धरून किंमत लिहिली तर तोच महागडा दिसतो. म्हणून हे एखाद्याच्या प्रामाणिकपणावर सोडून चालणार नाही, सगळ्यांना एकदम सक्ती हवी. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर सर्व करांसह किंमत छापावी लागते, चार लाखांच्या व्यवहाराला तेवढी शिस्त नको? घरगुती विकणाऱ्याला यातून सोडावं. एखाद्या निवृत्त माणसाने आपली एकुलती गाडी विकताना आरटीओचा हिशेब कुठे मांडत बसायचा?

आकडा ठरला ४,०२,०००, इन्शुरन्स सोडून सगळं धरून. कागदावर लिहून, शिक्का मारून घेतला आणि मगच टोकन दिलं. राहिलेली रक्कम दोन भागांत द्यायची, शेवटचे पंचवीस हजार परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर माझं नाव दिसल्यावर. यावर तो बराच कुरकुरला. पण ही अट घातली नसती तर पुढचं काम हललं नसतं, असं आता वाटतं.

कारण अडलं ते ओटीपीवर. अर्ज ऑनलाइन. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, ३० घेणाऱ्याचा, दोघांचंही आधार लागतं आणि दोघांच्याही मोबाईलवर ओटीपी येतो. गाडीचा पहिला मालक पुण्यात मुलीकडे राहायला गेलेला, आणि आरसीवर नोंदलेला त्याचा नंबर केव्हाच बंद पडलेला. आधी तो पोर्टलवर बदलायचा. डीलर म्हणे मालकाला सांगितलंय, मालक म्हणे मला कुणी विचारलंच नाही. शेवटी नंबर मिळवून मीच थेट बोललो. माणूस सज्जन निघाला. बँकेचं पत्रही त्यानेच शोधून कुरिअर केलं.

खरं तर हा ताप डीलरचा होता. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आली की तसं पोर्टलवर कळवायचं, असा नियम आहे. मग गाडीचा मालक तोच धरला जातो आणि नावबदलाचा अर्जही तोच करू शकतो. ते अधिकारपत्र आहे का विचारलं, तर "काम चालूय" असं उत्तर मिळालं.

पोर्टलवर नाव दिसलं त्या संध्याकाळी पंचवीस हजार पाठवले. आरसी नंतर स्पीड पोस्टाने घरी आली. फास्टॅगचं मात्र कुणाच्याच लक्षात नव्हतं. किणी टोलनाक्यावरून गेलो आणि पैसे त्या पुण्याच्या काकांच्या खात्यातून कापले गेले. त्यांचाच फोन आला, "अहो, टॅग बदलून घ्या तेवढा." लगेच यूपीआयने पैसे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी नवा टॅग काढला. त्याचे पैसेही जाहिरातीत धरावेत इतका काही मी हट्टी नाही.