कित्तूरचा थॅकरे कुठला?

ऑक्टोबर संपत आला की बेळगावात एकच आडनाव दोन बाजूंनी कानावर पडतं. २३ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव सुरू होतो. १८२४ साली याच तारखेला राणी चन्नम्माच्या माणसांनी धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे याला कित्तूरच्या किल्ल्यापुढं ठार मारलं. त्यानंतर नवव्या दिवशी १ नोव्हेंबर, म्हणजे आमचा काळा दिन. १९५६ साली आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं त्याचा निषेध. त्या फेरीत ठाकरे हे नाव कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघतंच. पहिला थॅकरे, दुसरे ठाकरे. पण इंग्रजीत लिहायला बसा, अक्षर न् अक्षर तेच, Thackeray.

मी खानापुरात बाँडरायटर आहे. अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट, वाटणीपत्र, नावातली दुरुस्ती हीच रोजची कामं. त्यामुळे आडनावांशी माझा संबंध पोटापाण्याचा. मागं एक गिऱ्हाईक कागद टाइप होईस्तोवर बसलं होतं. त्यानं मध्येच विचारलं, "ते ठाकरे म्हंजे मूळचे इंग्रजच काय ओ? स्पेलिंग बघा की!"

नाही ओ. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे पनवेलचे, जन्म १८८५. इंग्रज कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे त्यांच्या आवडीचा, म्हणून त्याचं स्पेलिंग त्यांनी आपल्या नावाला घेतलं, अशी सगळीकडे सांगितली जाणारी हकिगत आहे. मला ती पटते. मराठी ठाकरे सरळ इंग्रजीत उतरवायचं तर त्यात 'सी'ला आणि शेवटच्या 'वाय'ला काय काम? विदर्भातले कितीतरी ठाकरे त्या दोन अक्षरांवाचून सुखानं जगतात. म्हणजे नातं असलंच तर वाचकाचं आणि लेखकाचं. रक्ताचं काही नाही.

आणि हा कादंबरीकार कोण? कित्तूरला मेलेल्या कलेक्टरचा सख्खा पुतण्या. जन्म कलकत्त्याचा, १८११ चा. चुलता गेला तेव्हा हा तेरा वर्षांचा, इंग्लंडात शाळेत. हे सांगितल्यावर गिऱ्हाईक खुर्चीत सरसावून बसलं. "मग ते थॅकरे कुठले?"

आपल्याकडे माणसाला पहिला प्रश्न हाच असतो, आणि आडनावाला विचारायचाही हाच. थॅकरे हे गावावरून पडलेलं नाव आहे. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर परगणा, त्यात वॉशबर्न नावाच्या छोट्या नदीचं खोरं. तिथं ग्रेट टिंबल गावाच्या हद्दीत थॅकरे नावाची वस्ती होती. शब्द इंग्रजीसुद्धा नव्हे. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे दर्यावर्दी लढवय्ये तिकडं उतरले. ८६६ साली त्यांनी यॉर्क घेतलं, आणि दहा वर्षांत लुटालूट सोडून जमिनी वाटून घेऊन नांगर धरला. त्यांच्या बोलीत 'थाक' म्हणजे छप्पर शाकारायचं गवत, बोरू, आणि 'व्रा' म्हणजे बेचकं, कोपरा. शाकारणीचं गवत जिथं माजतं तो कोपरा. आमच्या खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही. करडानं घर शाकारायचं तर कुठल्या उतारावरचं गवत दोन पावसाळे टिकतं हे त्यांना तोंडपाठ असायचं, आणि असल्या जागांना नावं पडतातच.

गावावरून आडनाव म्हटलं की आपण 'कर' लावतो. नंदगडकर, येळ्ळूरकर, हलगेकर, सांबरेकर. माझ्या टेबलावर दिवसाकाठी यातलं एखादं तरी येतंच. कानडी माणूस मात्र गावाचं नाव तसंच कोरडं लावतो. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल. इंग्रजांची रीत या बाबतीत कानडी. थॅकरेकर नाही, नुसतं थॅकरे. आणि असं नाव गाव सोडल्यावरच लागतं. नंदगडात राहणाऱ्या सगळ्यांनाच नंदगडकर म्हणून काय उपयोग? तो बेळगावात दुकान टाकतो तेव्हा नंदगडकर होतो.

इंग्लंडात आडनावं वंशपरंपरा पक्की झाली ती १०६६ नंतरच्या तीनेकशे वर्षांत. बापाची जमीन मुलाच्या नावावर चढवायची तर नाव हवं, आणि सरकारला पट्टी वसूल करायची तरी नाव हवं. १३७७, १३७९ आणि १३८१ साली तिकडं डोईपट्टी बसली. यॉर्कशरच्या त्या भागाच्या १३७९ च्या याद्या अजून आहेत आणि आडनावांचा शोध घेणारे पहिल्यांदा त्यांच्यावरच पडतात. पट्टीवाला दारात आला की टोपणनावाचं आडनाव व्हायला वेळ लागत नाही.

पुढं १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वही ठेवायचा हुकूम सुटला. लिहिणारा कानाला येईल तसं लिहायचा, आणि सांगणाऱ्याला बहुतेक वेळा वाचता यायचं नाही. त्यातून थॅकरे, थॅकरी, थॅकरा अशी पिलावळ झाली, एका खोऱ्यातली, पण स्पेलिंगं निरनिराळी. लीड्समध्ये चार्ल्स टर्नर थॅकरा नावाचा डॉक्टर होऊन गेला. गिरणीत, खाणीत, धुळीत काम करणाऱ्यांना धंद्यामुळे कोणकोणते आजार होतात हे १८३१ साली त्यानं पुस्तक लिहून मांडलं. मला हा माणूस कलेक्टरपेक्षा मोठा वाटतो. त्याच लीड्समध्ये थॅकरे नावाचं वैद्यकीय संग्रहालय आहे, त्यांच्या स्पेलिंगात मधला 'ई' नाही. ते नाव १९०२ साली औषधाचं दुकान काढणाऱ्या चार्ल्स थॅकरेवरून आलं. या सगळ्यांना एकमेकांचे भाऊबंद ठरवायला मात्र मी जाणार नाही. एका गावचे सगळे एका घरचे नसतात. येळ्ळूरकर तरी सगळे एकाच घरचे कुठं आहेत?

कित्तूरच्या थॅकरेचं घराणं हॅम्प्सथ्वेट गावचं, त्याच मुलुखातलं. त्यातला टॉमस शिकून वर आला, १७४६ मध्ये हॅरोच्या प्रसिद्ध शाळेचा हेडमास्तर झाला. त्याला सोळा मुलं. शेवटचा विल्यम कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला, सिल्हेटला कलेक्टर झाला आणि कंपनीला हत्ती पकडून पुरवण्यात नाव आणि पैसा दोन्ही कमावून परत गेला. त्याची बरीच मुलं मग हिंदुस्थानात आली. कादंबरीकाराचा बाप रिचमंड कलकत्त्यात वारला, टॉमस १८१४ मध्ये नेपाळच्या लढाईत पडला, आणि सेंट जॉन मद्रासच्या सनदी नोकरीतून धारवाडला आला.

इथून पुढचं प्रकरण बाँडरायटरनं सांगावं असंच आहे, कारण ते कागदावरून पेटलं. कित्तूरचा राजा शिवलिंगरुद्र सर्ज सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारला. मरणाआधी दत्तक घेतलं, असं राजवाड्यातून कळवण्यात आलं. थॅकरेला संशय, की हा कागद मागाहून केलेला. दत्तक मानायला तो तयार होईना, खजिन्याला त्यानं सील ठोकलं. संशय रास्त होता की नव्हता हा एक भाग. पण गावात सुतक असताना तिजोरीला सील लावणाऱ्याला आजही आपल्याकडे कोणी चहा विचारणार नाही. २३ तारखेला किल्ल्याचे दरवाजे आतून बंद झाले. उघडा, नाहीतर तोफेनं फोडतो, असा त्याचा निरोप गेला. दरवाजे उघडले ते आतली फौज बाहेर पडायला. थॅकरे मेला, बरोबरचे अधिकारी मेले. गोळी अमटूर बाळप्पाची, असं कित्तूरकडं सांगतात. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन आले नि कित्तूर पडलं. राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच १८२९ मध्ये वारली, आणि तिचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ मध्ये फाशी दिली ती आमच्या नंदगडात. थॅकरेचं थडगं धारवाडला आहे.

गिऱ्हाईकाला यातली लढाई ठाऊक होती, शाळेत झालेली. त्याला अडकवलं ते गावानं. "मग ते गाव आता कसं आहे?"

पाण्याखाली. लीड्स शहराला पाणी हवं होतं म्हणून वॉशबर्न नदीवर एकापाठोपाठ एक धरणं झाली. त्यातल्या १८७९ मध्ये पुऱ्या झालेल्या फ्यूस्टनच्या तलावात थॅकरेची जागा गेली.

"हिडकलसारखं म्हणा की," तो म्हणाला. घटप्रभेच्या धरणात त्याच्या मावशीच्या सासरची जमीन गेलेली. मोबदल्याचा कागद कुणाच्या नावानं निघाला, त्यात आडनाव कसं चुकलं आणि त्यापायी चुलतभावांत काय काय झालं हे तो मग तासभर सांगत बसला. त्याच्या स्वतःच्या अ‍ॅफिडेव्हिटात आडनावाची तीन स्पेलिंगं होती. शाळेच्या दाखल्यात एक, आधारवर दुसरं, आणि उताऱ्यावर कानडीतून इंग्रजीत गेलेलं तिसरं. तिन्ही घातली, मध्ये 'उर्फ' टाकलं आणि 'ही एकच व्यक्ती होय' म्हणून खाली सही घेतली. जाताना त्यानं विचारलं, यातलं खरं कुठलं धरायचं? म्हटलं, बँकेचं पासबुक आणलंय का? त्यावर आहे ते धरा.