छताचं कापड: सुटतो तो फोम, गोंद नव्हे

१ मे, शुक्रवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी साधून शेवटी गाडी उघडली. अप्पांची २००४ सालची पेट्रोल सेडान. इंजिन ठणठणीत, पत्रा कुठे गंजलेला नाही, पण गेल्या दोन उन्हाळ्यांत छताचं कापड इतकं लोंबायला लागलं की आरशात मागचा रस्ता निम्माच दिसायचा. अप्पा उंच. त्यांच्या डोक्याला कापड टेकायचं आणि गाडीतून उतरले की पांढऱ्या केसांवर पिवळी पूड असायची. हे काम मला त्यांच्यासाठी करायचं होतं, आणि स्वतःच्या हातानं करायचं होतं.

आधी सगळे करतात ते करून झालंय. टाचण्या लावल्या. मग कापडावरूनच स्प्रेचा गोंद मारला. त्याचे डाग पडले आणि आठवड्यात कापड परत खाली आलं. असं का झालं ते आज छत हातात आल्यावर कळलं.

पत्र्याखाली दाबून घडवलेला एक हलका बोर्ड असतो. त्यावर साधारण ३ मिलिमीटरचा फोम आणि फोमवर पातळ विणलेलं कापड. फोम आणि कापड एकमेकांना जोडूनच येतात. आमच्या बोर्डावरचा मूळ गोंद अजून पक्का आहे आणि कापडही धड आहे. मेलाय तो मधला फोम. पॉलियुरेथेनला वर्षानुवर्षांची उष्णता आणि दमटपणा सोसत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भाजून निघाल्यावर पुढचे चार महिने पावसाळी हवा असते. बोटानं चोळलं की भाजलेल्या बेसनासारखी पूड निघते. वरून कितीही गोंद मारा, तो त्या पुडीलाच चिकटतो, बोर्डापर्यंत पोचतच नाही.

(जुन्या फियाट, अॅम्बॅसिडरमध्ये छताचं कापड तारांवर ताणलेलं असतं. तो प्रकार वेगळा, ही कृती तिथे चालणार नाही.)

काढण्याचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. आधी बॅटरी सुटी केली. मग सनवायझर, हातानं धरायच्या दांड्या, मधला दिवा, दरवाजांच्या कडेचं रबर आणि छत पेलणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या तिन्ही खांबांवरची प्लॅस्टिकची कव्हरं. क्लिपा जुन्या असतात, उन्हात गाडी तासभर ठेवून मग ओढल्या तर कमी तुटतात. माझ्या दोनच गेल्या. ज्यांच्या गाडीत छताच्या कडेला पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत त्यांनी हे घरी करू नये. आमच्या गाडीत त्या नाहीत.

अवघड होतं ते बोर्ड बाहेर काढणं. पुढच्या दोन्ही सीट पूर्ण आडव्या केल्या आणि डाव्या पुढच्या दारातून तिरका करून काढला. अप्पा आत, मी बाहेर. बोर्ड मधोमध एकदा वाकला की घडी कायमची राहते आणि नवीन कापडाखालीही दिसते. "अप्पा, ओढू नका, नुसता धरून ठेवा," हे मी दहा वेळा म्हटलं असेल. घडी पडली नाही.

२ मे, शनिवार

सकाळी पुण्याची नाना पेठ. फोमवालं कापड मागितलं तर दुकानदार काकांनी आधी साध्या कापडाचा तागा काढला. "ताई, हे पण चालतं, स्वस्त पडेल." ते चालत नाही. फोम नसेल तर बोर्डाचा प्रत्येक खड्डा आणि ओरखडा कापडातून उठून दिसतो. मग दुकानाच्या आतून फिकट राखाडी, फोम जोडलेला तागा निघाला. पन्हा दीड मीटर. आमचा बोर्ड १७० बाय ११५ सेंटिमीटर, पण कापड सव्वादोन मीटर घेतलं, कारण खोलगट भागांत ते बरंच आत जातं आणि चाचणीलाही तुकडे लागतात.

घरी आल्यावर त्या चाचणीलाच बसले. पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांवर तीन गोंद: सुतारकामाचा पांढरा, स्प्रेचा डबा आणि फोम-रेक्झिनला वापरतात तो फेव्हिकॉल एसआर. तिन्ही तुकडे कापड खाली करून छताच्या पत्र्याला आतून चिकटपट्टीनं लावले, शेजारी थर्मामीटर. दुपारी तीनला ६२ अंश. आता आठवडाभर तसेच राहतील.

९ मे, शनिवार

स्प्रेवाला तुकडा कडेनं सुटून लोंबतोय. पांढऱ्या गोंदाचा तुकडा टिकला, पण कापड पापडासारखं कडक झालंय, वळणावर बसणार नाही. एसआर जागचा हललेला नाही. गोंद ठरला.

आज दिवसभर बोर्ड घासला. गच्चीवर करणार होते, पण तिथे शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या आणि ही पूड हवेत उडते, म्हणून खाली पार्किंगमध्ये चादर अंथरली. एन-९५ मास्क, चष्मा आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश घेऊ नका, बोर्डाचा पृष्ठभाग फाटतो. ब्रश एका दिशेनं हलक्या हातानं फिरवायचा, पूड झटकायची, हात फिरवून बघायचं. तळहाताला रवाळ लागलं की परत घासायचं. पहिली पूड वीस मिनिटांत निघते आणि काम झालंसं वाटतं, पण खाली एक पातळ चिकट थर उरतो. त्याला चार तास लागले. एवढ्या वेळात अख्खी गाडी दोनदा पॉलिश झाली असती, पण या कामात वेळ घालवायची जागा हीच.

१० मे, रविवार

कापड लावलं. वरच्या मजल्यावरच्या दादांना मदतीला बोलावलं. अप्पा होतेच.

कापड बोर्डावर कोरडंच पसरून बघितलं, चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त ठेवलं. मग पुढचा अर्धा भाग मागे दुमडला. तीन इंची ब्रशनं बोर्डाच्या त्या अर्ध्यावर एक थर, फोमवर त्याहून पातळ. फोमवर जाड थर दिला तर गोंद झिरपून कापडावर डाग येतो. या गोंदाची वाफ पेट घेते आणि डोक्यातही जाते, म्हणून उघड्यावर, आसपास काडी पेटवू न देता. बारा मिनिटं थांबले. बोट लावलं तर चिकट वाटावं पण बोटाला काही येऊ नये, तेव्हा तयार. यानंतर दुसरी संधी नाही, टेकलं की धरलं.

मधून पुढे, तळहातानं. खरं कसब सनवायझर बसतो त्या खळग्यात. कापड खळग्यावरून ताणून नेलं तर आज छान दिसतं, पण खाली पोकळी राहते आणि पुढच्या उन्हात तिथूनच सुटतं. म्हणून आधी बोटांच्या पेरांनी ते खळग्याच्या तळाला टेकवायचं, मग चढावर घ्यायचं, मग सपाटीवर. एका खळग्याला मला दहा मिनिटं लागली. दिव्याच्या भोकावर फुलीचा छेद देऊन टोकं मागे चिकटवली.

संध्याकाळी ढग भरून आले. मागचा अर्धा भागही असाच लावत आणला होता, उजवा कोपरा तेवढा राहिला होता, तो घाईत उरकला.

१६ मे, शनिवार

त्याच कोपऱ्यात फुगा. तळहाताएवढा. कापड उचललं तर खाली जुन्या फोमची पट्टी तशीच, नऊ तारखेला तिथे माझा ब्रश पोचलाच नव्हता. त्यात वळिवाच्या आधीची दमट हवा. अशा हवेत गोंद सुकताना वर ओल धरते आणि पकड कमी होते. कोपरा हळू सोडवला, घासला, कोरड्या दुपारी पुन्हा लावला. कापडाचा फोम थोडा उपटला गेला. तिरकं पाहिलं तर एक बारीक लाट दिसते. ती मला खटकते, पण आता हात लावणार नाही.

१७ मे, रविवार

बसवलं. काढलं त्याच दारानं आत. आधी दिव्याची वायर भोकातून ओढून घ्या. मी विसरले आणि अर्धं परत उतरवावं लागलं. एकूण खर्च ₹१,८००च्या आसपास.

२० मे

दुपारी तीन, थर्मामीटर ६३ अंश. चारी कोपरे आणि दोन्ही खळगे दाबून पाहिले, कापड घट्ट. अप्पा मंडईत जाऊन आले, उतरल्यावर त्यांच्या केसांवरून हात फिरवून पाहिला. काही नाही. सनवायझर मात्र अजून जुन्या पिवळट कापडाचे आहेत, नव्या राखाडीशेजारी ते फार डोळ्यांत भरतात. उरलेल्या तुकड्यातून दोन्ही निघतात का ते शनिवारी मोजते.