जेजुरीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करू नका

सोमवतीला जेजुरीला गेलो होतो, पालखी कऱ्हेला निघते तेव्हा पायऱ्यांवर जो भंडारा उधळतात त्याचे दोनेकशे फोटो काढले आणि घरी येऊन एक सहज ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला, तर काय, नुसता धुरळा! पिवळा गेला की भंडारा आणि धूळ यात फरकच उरत नाही. एडिटिंगमधला यलो स्लायडर (पिवळा किती उजळ किंवा गडद दिसावा ते ठरवणारी पट्टी) वर नेला तर पीठ उधळल्यासारखं दिसतं, खाली नेला तर धूर. तिथे रंग हाच विषय आहे हो.

पण त्याच दिवशीचा एका आजोबांचा फोटो, दगडी दीपमाळेला टेकून बसलेले, मागे कुणाचीतरी निळीभोर प्लास्टिकची पिशवी. रंगात नजर सारखी त्या पिशवीवरच जात होती. रंग काढला आणि कपाळावरच्या सुरकुत्या, त्यात अडकलेला भंडारा, हातावरच्या शिरा, सगळं वर आलं. तो मात्र मी तसाच ठेवला.

कुठला फोटो रंगात ठेवायचा आणि कुठला नाही हे असं नंतरच कळतं, म्हणून रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोनोक्रोम (ब्लॅक अँड व्हाइट) दिसलं तरी फाइलमध्ये रंग राहतात. नुसत्या मोनोक्रोम जेपेगमधून पिवळा परत आणता येत नाही.