सरकारी असतं तर भांडलो असतो

रात्रीचे साडेअकरा. पाऊस काय थांबायचं नाव घेत नाही. संध्याकाळी राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी साडेछत्तीस फुटांवर होतं, इशारा पातळी 39 ची, म्हणजे अजून अडीच फूट आहे, म्हणजे आज झोपायला हरकत नाही. पण झोप येत नाहीये आणि ती पावसानं नाही, आक्कानं घालवलीय.

झालं काहीच नाही खरंतर. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, हॉलमध्ये आम्ही बेघरांना रात्रीपुरतं ठेवतो, आक्का त्यातलीच एक; दिवसा तिथं बालवाडी भरते. सकाळी आठला पाच कमी. सगळ्यांच्या वळकट्या बांधून बाकांखाली सरकवून झाल्या होत्या, मी फिनेलची बादली घेऊन उभी, कारण बालवाडीची पहिली रिक्षा आठ वीसला येते आणि त्याच्या आत फरशी वाळायला पाहिजे. आक्का पायरीवर बसून पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधत होती, सीपीआर दवाखान्यात केलेलं ड्रेसिंग भिजू नये म्हणून. कुठल्यातरी साडीच्या दुकानाची पिशवी, गुळगुळीत, गाठच बसेना. मी बादली ठेवली, वाकून गाठ मारून दिली आणि रोजचं वाक्य म्हटलं, आक्का, आठ वाजले. "व्हय, जातो की," म्हणाली. मग गुडघ्यावर हात देऊन उठता उठता, आमटीत मीठ कमी पडलं होतं म्हणावं इतक्या साध्या सुरात म्हणाली, "सरकारी असतं तर भांडलो असतो बघा ताई. तुमचं हाय म्हणून गप जातो."

आणि गेली. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, एक पाय चपलेत, एक पिशवीत, स्टँडच्या दिशेनं.

मी आधी हसले. दुपारी ह्यांना सांगितलं तर हेही हसले. मग भांडी घासताना हसू बंद झालं ते अजून बंदच आहे.

कारण "आम्ही सरकारचा एक रुपया घेत नाही" हे वाक्य मी किती ठिकाणी आणि किती ताठ मानेनं बोललेय. मंडळीच्या वार्षिक सभेत, ऑडिटरसमोर, पुण्याच्या ताईसमोर (तिच्यासमोर तर मुद्दाम). अगदी सुरुवातीला एकदा प्रयत्न केला होता, नाही असं नाही. एका ऑफिसात फाईल दिली, जिने चढले-उतरले, शेवटी एक साहेब म्हणाले की मॅडम बाकी सगळं ठीक आहे, रात्रीची ती प्रार्थना तेवढी बंद ठेवा आणि चोवीस तासांचा स्टाफ दाखवा, मग बघू. मी म्हटलं विचार करून सांगते आणि परत गेलेच नाही. तो जिना उतरताना इतकं हलकं वाटलं होतं. पप्पा असते तर खूश झाले असते. त्यांनी आम्हाला लहानपणी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरच्या गोष्टी सांगून सांगून वाढवलंय, दहा हजारांवर अनाथ पोरं सांभाळली आणि कुणापुढं हात पसरला नाही, फक्त गुडघे टेकले. आणि आपल्या कोल्हापुरातलाच दाखला पाहिजे तर अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब, 1852 ला इथं आले आणि पुढं त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाशी फाटल्यावरही कितीतरी वर्षं स्वतःच्या हिमतीवर मिशन चालवलं. शेवटी 1870 ला त्यांनीही ते दुसऱ्या बोर्डाकडं दिलंच, पण पप्पा गोष्ट सांगताना एवढं शेवटचं कधी सांगायचे नाहीत. मला ते फार उशिरा कळलं.

असो. आक्का.

तिला माहीत असेल असं मला वाटत नाही, पण ती बोलली ते नियमाला धरून होतं. शहरी बेघरांच्या निवाऱ्याची जी योजना सरकारनं आणली त्यात निवारा चोवीस तास, बारा महिने उघडा पाहिजे असं लिहिलंय. लाख लोकवस्तीमागं शंभर जणांची सोय. 2011 च्या जनगणनेला कोल्हापूर शहर साडेपाच लाखाच्या जवळ होतं, करा हिशोब. होतंय किती, ते सोडा, पण कागदावर का होईना आक्का तिथं जाऊन टेबलावर हात आपटू शकते की मला पावसात का काढता. आमच्याकडं तिनं कशावर हात आपटायचा? आमच्याकडं कागदच नाही. आमच्याकडं मी आहे, आणि माझा त्या दिवशीचा मूड.

मला काय हौस आहे का लोकांना आठला बाहेर काढायची? हॉल मंडळीचा, दिवसा बालवाडीचा, बालवाडीच्या भाड्यातून लाईट बिल आणि रात्रीच्या मामांचा पगार निघतो. चोवीस माणसं, एकोणीस किलोचा निळा सिलेंडर, तो किमान बारा दिवस पुरवायचा. पैसा येतो तो पेन्शनवाल्या लोकांच्या दशांशाच्या (कमाईचा दहावा हिस्सा देवाला) पाकिटातून, आणि जूनमध्ये ती पाकिटंसुद्धा पातळ होतात कारण नातवंडांच्या वह्या-पुस्तकं. लक्ष्मीपुरीतले एक भाऊ तांदूळ देतात, नाव सांगू नका म्हणतात. आखाडात कुणीतरी रश्श्याचं पातेलं आणून देतं, पितृपक्षात तर विचारू नका, आमच्या हॉलमध्ये पितरांच्या नावानं खीर-वडे, एका दिवशी तीन घरांचे, आणि मग दसऱ्यापर्यंत परत आमटी-भात. माझे गुडघे गेलेत. सात वर्षं झाली आम्ही दोघं मिळून कुठं गावाला गेलो नाही. परवा एक पोरगं गेटवर उभं राहून मोबाईलवर शूटिंग करत होतं, इथं काय चालतं म्हणून. तो विषय आज नको. आणि एवढं करून शेवटी ऐकायचं काय, तर तुमचं हाय म्हणून गप जातो.

"तुमचं हाय म्हणून." ह्यात ती मला मान देत होती हे मला कळतंय. तेच जास्त लागलंय. शिवी दिली असती तर विसरून गेले असते.

आता एकेक आठवत बसलेय. प्रार्थना कुणालाही सक्तीची नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि खरंच नाही. पण प्रार्थनेनंतर लगेच जेवण असतं आणि कोण आलं नाही हे मला डोळे मिटूनसुद्धा कळतं. आक्का रोज येते. बालवाडीच्या तक्त्याखाली तिची जागा, बरोब्बर 'ज्ञ'च्या खाली. हात जोडून बसते आणि सगळे आमेन म्हणाले की त्याच्या पाठोपाठ ओठातल्या ओठात "अंबाबाई" म्हणते. मी ऐकते आणि ऐकलं नाही असं दाखवते. आजपर्यंत मला ह्याचा अभिमान वाटायचा, बघा मी किती मोठ्या मनाची. आज वाटतंय, ती हळू का म्हणते? मोठ्यानं म्हणाली असती तर मी काय केलं असतं? काही केलं नसतं. पण हे तिला कुठं माहितीय.

2019 ला आणि परत 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा ह्याच हॉलमध्ये चांगल्या घरातली माणसं येऊन राहिली होती. काय भांडली होती ती! कालपण भात आणि आजपण भातच का, फॅन आमच्या बाजूला फिरवा, आमच्या आईला सतरंजी चालत नाही. तेव्हा आम्हाला राग आला नव्हता, सवय नाही बिचाऱ्यांना म्हणून रात्री अकराला चपात्या लाटल्या. पाणी उतरल्यावर ती आपापल्या घरी गेली, काहींनी नंतर पाकीट पण पाठवलं. आक्का तेव्हाही इथंच होती, कोपऱ्यात सरकून, जागा करून देत. तेव्हा ती काय म्हणाली होती आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

पवित्र शास्त्रात मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं असं आहे, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, ते आमच्या भिंतीवर रंगवलंय पण. घरात घेतल्यावर सकाळी आठचं काय ते भिंतीवर नाही.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी विषय काढला. म्हटलं आक्का, तुम्हाला भांडायचं असलं तर भांडा की माझ्याशी. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं काही मलाच ताप आलाय. म्हणाली, "कशापायी?" म्हटलं सकाळी तुम्ही म्हणाला ना. "मी? कवा?" मग पिशवी सोडवली, झटकली, घडी करून उशाला ठेवली. "बघू," म्हणाली. मी दिवसभर जे चघळत बसले ते तिच्या लक्षातपण नव्हतं. झोपते आता.

—

सकाळी सव्वासात. रात्रीचं तसंच राहिलेलं, पुढं जोडते.

आक्का भांडली. चोवीस माणसांसमोर, पेला वर धरून: "ह्यो चा हाय का भांडी इसळल्यालं पानी? आनि गादी वल्ली हाय माजी, चार दिस सांगतोय, कोन ऐकतंय?" (चार दिवस सांगत नव्हती. कालपर्यंत एक शब्द नव्हता. पण एकदा सुरू झाल्यावर माणूस मागचं पण वसूल करतो.)

आणि मी, रात्री बारापर्यंत हक्क-बिक्क लिहीत बसलेली मी, काय बोलले असेन? "पटत नसेल तर दुसरीकडं बघा आक्का." तोंडातून गेलंसुद्धा. हॉल गप्प. मामांनी हातातला झाडू थांबवला.

आक्कानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. "बघतो की," म्हणाली. "पाऊस तेवढा उघडू दे." आणि पेला पुढं केला. "तवर दूध घाला वाईच."

घातलं. काय करणार. गादी खरंच ओली होती, भिंतीकडून पाझर आहे, 'ज्ञ'चा तक्ता पण खालून फुगलाय. पाणी आता 38 फुटांवर, शाळांना सुट्टी जाहीर झालीय, बालवाडीच्या बाईंचा पण फोन आला, म्हणजे आज आठला कुणी कुठं जायचं नाही. दूधवाल्याला एक लिटर जास्त सांगितलंय, कुठल्या पैशातून ते शनिवारी बघू. आक्का आता फॅनबद्दल बोलतेय.