कुडलच्या संगमावर: वाळू गेलेली नदी

सोलापूरहून विजापूर रोडने निघालं की वडकबाळला सीना ओलांडावी लागते. पुढं आत वळून आम्ही हत्तरसंग कुडलला पोचलो. सीना इथं भीमेला मिळते. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. देवळाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला नदीबद्दल लिहायचंय.

काठाकाठानं बरंच अंतर चाललो. एके ठिकाणी पात्रात वाळूच नव्हती. उघडा पडलेला खडक, काळा गाळ आणि पुरुषभर खोल खड्डे. खड्ड्यांत शेवाळलेलं पाणी. काठ फोडून केलेला रस्ता, त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. शेजारच्या रानात एक मामा उसाला पाणी देत होते. विचारल्यावर त्यांनी आधी विहीरच दाखवली.

"वाळू होती तवर मे महिन्यात बी पाणी असायचं हितं. आता उजनी धरणाचं पाणी आलं की तेवढं चार दिवस भरती."

त्यांचं म्हणणं खरंच आहे. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरवतो. थर गेला की पाणी एकतर वाहून जातं, नाहीतर खड्ड्यात साचून उन्हानं उडतं. सोलापूर शहर वर्षानुवर्षं औज बंधाऱ्याचं पाणी पीत आलंय, आणि ते उजनीतून याच नदीवाटे येतं. म्हणजे भीमेतले असे खड्डे आमच्याही नळाचं पाणी पितात.

मामांचा भाचा काही काळ चोरट्या वाळू उपशावर जात होता. गळाभर पाण्यात उभं राहायचं, बुडी मारून पाटी भरायची, तराफ्यावर टाकायची. रात्रभर. कानातून पू यायला लागला तेव्हा त्यानं ते काम सोडलं. मामा सांगताना दोनदा थांबले. काठ ढासळला तर माणूस खालीच राहतो, आणि चोरीचंच काम म्हटल्यावर त्याची नोंद कोण करणार? पंढरपुरात चंद्रभागेत स्नानाला उतरलेले भाविक अशाच खड्ड्यांत बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. लहान वाळूघाटालाही पर्यावरण मंजुरी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच सांगितलं. पण छापा पडला की सापडतो तो रोजंदारीवरचा ड्रायव्हर. तलाठ्यांच्या अंगावर गाडी घालण्यापर्यंत राज्यात मजल गेलीय. मामांनी तक्रार का केली नाही, हे मी विचारलं नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच बांधाला बांध आहे. मला राग येतो तो याचाच.

आमच्या घराचा वरचा मजला चढवायचाय. परत आल्यावर मिस्त्रींना सांगितलं, वाहतूक पास दाखवल्याशिवाय नदीची एक ब्रास वाळूही उतरवायची नाही. ते म्हणाले, क्रशसँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा, गिलावा चिरतो. मग तीच चाळून, धुतलेली आणू, असं ठरलंय. नाही जमलं तर गिलावा थांबेल.