फॉर्म बाद झाला

एकट्या पडलेल्या लोकांसाठी काय करता येईल, यावर आज बैठक होती. मी अगदी जय्यत तयारीनं गेले होते. हेल्पलाइन, माहितीपत्रक, नोंदणीचा फॉर्म, सगळं. पाऊण तास बोलले (जास्तच झालं). मग मागून एक आजी म्हणाल्या, "अगं, 'मी एकटी आहे' हे फोन करून सांगायला जीभ रेटते का कुणाची?"

फॉर्म तिथंच बाद.

ब्रिटननं २०१८ मध्ये, जपाननं २०२१ मध्ये या प्रश्नासाठी मंत्री नेमले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल म्हणतो, जगात सहापैकी एकाला एकटेपणा जाणवतो. हे आकडे मला पाठ होते. पण अंथरुणाला खिळलेल्या मुलाची आई जे बोलली, ते माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं: "मदत घेऊन सगळे येतात हो. माझ्याकडे काही मागायला कुणीच येत नाही."

त्यानंतर खडू जमलेल्या लोकांच्याच हातात गेला. पहिल्यांदा 'लाभार्थी' शब्द पुसला गेला. मग कुणाला काय येतं, याची यादी. त्या ताईंनी लिहिलं, शिवण.

निघताना माझ्या पिशवीचा तुटका बंद त्यांना दिसला. "ठेवून जा. परवा या न्यायला."

पिशवी ठेवून आलेय.